यशाचे इफडेफ, माझा इफ

यशा, तुझ्या माघारी पहिलं भांडण मीच काढतोय. तू उलट उत्तर देणार नाहीस अशी संधी मला एकवीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती, आणि मिळालेली संधी सोडायला मी काही संत नाही.

तू कुठे शिकलास, कसा गेलास, मागे कोण कोण, हे सगळं आपल्या वर्कशॉपच्या शटरवर चिकटवलेल्या कागदात आहे. तो कागद मी लिहिलेला नाही, त्यामुळे त्यातलं सगळं खरं आहे. मला लिहायचंय ते आपल्या अर्ध्या राहिलेल्या भांडणाबद्दल. तुझा दहावा, तेरावा सगळं उरकलं, लोक आपापल्या घरी गेले, आणि मग बोर्डीहून कुंदाताईंचा फोन आला. तिथून ते भांडण पुन्हा पेटलं.

पण आधी वाचणाऱ्यांना आपला धंदा सांगायला हवा, नाहीतर त्यांना वाटेल आपण शेताच्या बांधावरून भांडत होतो. तलासरीत हायवेला लागून, पंक्चरवाल्याच्या मागे आपलं दहा बाय बाराचं वर्कशॉप. मी गिऱ्हाइकांना ते चाळीस बाय साठचं सांगतो, पण तू वाचत असशील तर उगाच कशाला. चिकू, मासळी, मिरच्या वाळवायच्या खोल्या असतात, त्यांचे छोटे बोर्ड आपण बनवायचो. किती तापवायचं, पंखा कधी लावायचा, ओल बाहेर कधी सोडायची, हे त्या बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपने ठरवायचं. चिपमधला प्रोग्राम सी भाषेत तू लिहायचास. वायरिंग, गिऱ्हाइकं आणि थापा माझ्याकडे; तुझ्या खांद्यावरून बघून बघून मोडकंतोडकं सी मलाही यायचं.

फाईल एकच आणि तिच्यात चौदा गिऱ्हाइकं! ही तुझी पद्धत. प्रोग्राम चिपला समजेल अशा भाषेत उतरायच्या आधी सीमध्ये एक मुकादम येतो, त्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी तो वाचतो. ‘इफडेफ चिकू’ असं लिहिलेलं दिसलं की विचारतो, वर कुठे चिकू नावाचं काही डिफाइन केलंय का? केलं असेल तर खालच्या ओळी ठेवतो, नसेल तर कापून फेकतो. चिपला कळतही नाही की अशा ओळी कधी होत्या. म्हणजे चिकूवाल्याच्या बोर्डात मासळी औषधालाही सापडायची नाही.

माझं म्हणणं साधं होतं. सगळं जाऊ दे चिपमध्ये. बोर्ड चालू झाला की त्याने स्वतः बघावं, बटण कुठे आहे, आणि साध्या ‘इफ’ने ठरवावं, आज चिकू की मासळी. एक बोर्ड, सगळी गिऱ्हाइकं, चौदा वेळा डोकेफोड नाही.

“दिन्या, पँट बेतून शिवतात,” तू म्हणायचास.

“आणि माणूस जाड झाला तर?”

“दुसरी शिवायची.”

“त्यापेक्षा नाडीचा लेंगा शिव ना. कुणालाही होतो.”

“नाडी ठेवली की कुणीतरी ओढणारच. पहिला तूच ओढशील.”

हे संभाषण आपण किमान अकरा हजार वेळा केलं. पंक्चरवाल्यालाही ते पाठ होतं. एकदा आपण दोघंही बाहेर होतो तर त्याने एका गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

डहाणूच्या नारणकाकांच्या बाबतीत तू जिंकलास, हे आज लेखी देतो. तू चार दिवस गावाला गेला होतास आणि मी गुपचूप एक बटणवाला बोर्ड त्यांच्या बोंबलाच्या खोलीत लावून आलो. पहिले दोन दिवस काका खूश. तिसऱ्या दिवशी त्यांच्या साडूने, हे काय गोड बटण आहे म्हणत ते दाबलं. बोर्ड चिकूवर गेला आणि बोंबील चिकूच्या मंद, प्रेमळ उबेत पडून राहिले. त्यांचं जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण वास गुजरातच्या हद्दीपर्यंत गेला आणि चेकपोस्टवर त्याला कागदपत्रं विचारली. काकांनी एक ट्रे माझ्या नाकाखाली धरला. “अल्या दिनेश, आ बूमला छे के शीरो?”

तू परत आलास, सगळं ऐकलंस, आणि एकच शब्द बोललास. “नाडी.”

पण तुझीही पाळी आली, यशा, आणि ती गोष्ट मला आज नीट सांगितलीच पाहिजे. मिरचीवाल्या एका गिऱ्हाइकाला भोंगा नको होता. खोली जास्त तापली की बोंबलणारा भोंगा, आणि त्यांच्या घरात म्हातारं माणूस आजारी. तू फाईलच्या वरच्या यादीत भोंगा डिफाइन केलास आणि पुढे शून्य लिहिलंस. शून्य म्हणजे नको, सरळ आहे. पण तुझा मुकादम, इफडेफ, एवढंच विचारतो की नाव वर आहे का. पुढे शून्य आहे की शंभर, ते तो वाचतच नाही. नाव दिसलं, त्याने भोंग्याच्या ओळी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पाड्यावर असा भोंगा वाजला की लोकांना वाटलं कुठली तरी कंपनी सुटली, आणि जे कधी कुठल्या कंपनीत कामाला नव्हते तेसुद्धा डबा घेऊन घरी निघाले.

इतका शिस्तीचा माणूस, आणि शून्यावर पडला! मी तीन महिने हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण चारोटीला हॉटेलात, तीन गिऱ्हाइकं समोर बसलेली, तू माझ्या शेजारी, आणि मी ती गोष्ट रंगवून सांगितली. भोंग्यामुळे गावातल्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, एक म्हैस वलसाडला पळून गेली, सगळं. लोक टेबलावर हात आपटून हसत होते. तू बशीत चहा ओतलास, प्यायलास, आणि “मी गाडीत बसतो” म्हणून उठलास. गाडीत मी आलो तेव्हा तू म्हणालास, “चूक माझी होती. पण ते म्हातारे त्या दिवशी घाबरून पडले होते, दिन्या. मी दोनदा बघून आलो त्यांना.”

मला ते माहीत नव्हतं. मी काय बोललो आठवतंय तुला? मी म्हणालो, “बटण ठेवलं असतं तर बंद करता आलं असतं.” मला बोलायचं होतं ते हे नव्हतं. तेव्हापासून तू प्रत्येक इफडेफ स्वतः पुन्हा तपासायला लागलास, आणि मी ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही. त्यालाच मी माफी समजत होतो. ती माफी नव्हती, नुसतं गप्प बसणं होतं. चुकलं माझं, यशा. हे तुझ्या तोंडावर म्हणायला पाच वर्षं होती माझ्याकडे.

असो. कुंदाताई.

बोर्डीच्या कुंदाताई, स्वतःची वाडी, चिकूच्या फोडी वाळवून विकतात, हाताखाली आठ बायका. तुझ्या हातचा बोर्ड त्यांच्याकडे सात वर्षं चालला. मी लोकांना सांगतो त्यावर दोनदा वीज पडली. खरं म्हणजे एकदा, आणि तीही शेजारच्या माडावर. तर तो बोर्ड गेला.

“दिनूभाऊ, फोन करायला जीभ रेटत नव्हती,” त्या म्हणाल्या. “यशवंतभाऊंचं ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण काय करू, आभाळ भरलेलं, फोडी उन्हात घालता येत नाहीत, आणि कापलेला माल काळा पडायला लागलाय.”

“उद्या लावतो बोर्ड.”

“आणि ते, व्होल्टेज मिळत नाही म्हणून मी मधे गॅसचा बर्नर बसवून घेतलाय. त्यावर चालेल ना?”

“ताई, आपला बोर्ड गोबर गॅसवर, हवेवर, नुसत्या आशीर्वादावर चालतो.”

मग म्हणाल्या, “वापीचा एक माणूस येऊन गेला. तयार मशीन देतो म्हणाला. म्हणाला, तलासरीवाल्यांचं आता संपलं, ज्याला येत होतं तोच गेला.”

मी फोन ठेवला. त्या वापीवाल्याचा राग नव्हता आला, यशा. तो बरोबर बोलला होता, त्याचा आला होता. कुंदाताई गेल्या की मागोमाग बाकीचे तेराही जाणार होते. आणि तुझी ती फाईल तुझ्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप तुझ्या घरी.

मी मागणार कसा? मागावा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा वहिनी स्वतः डहाणूहून एसटीने आल्या, पिशवीत लॅपटॉप, वर साडीचा तुकडा गुंडाळलेला. “घ्या भावजी. घरात नुसता चार्ज होतोय. मी रोज लावते, रोज काढते. काय करायचं तेच कळत नाही.” चहा घेतला नाही. जाताना तुझ्या स्टुलावर हात ठेवून म्हणाल्या, “हे बंद नका करू हं.” मी म्हटलं, “वहिनी, बंद? मी वरती मजला चढवतोय.” त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली.

फाईल उघडली. देवा रे, यशा, डहाणूच्या समुद्रात बोंबील नसतील एवढे तुझे इफडेफ! एकात एक, त्यात आणखी एक, कांद्यासारखे. सकाळपासून वाचत बसलो. तुला शिव्या दिल्या, मोठ्याने, पंक्चरवाला दोनदा डोकावून गेला. पण दुपारपर्यंत मला वाट दिसायला लागली. वरच्या यादीत चिकू ठेवलं, वीज काढली, गॅस डिफाइन केला. एवढंच तर करायचं होतं. कंपाईलचं बटण दाबलं.

लाल ओळ आली.

आता हेही सांगतो, कारण या ओळीवाचून पुढचं काही कळणार नाही. सीमध्ये ‘एरर’ नावाची एक सूचना आहे. मुकादम कापाकापी करत त्या ओळीवर आला की काम तिथेच थांबवतो आणि लिहिणाऱ्याने जो मजकूर ठेवला असेल तो पडद्यावर दाखवतो. लोक तिथे रुक्ष काहीतरी लिहितात. तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतंस:

‘दिन्या थांब. गॅस लावतोयस, पण पंखा खरंच फिरतोय हे बोर्डाला कोण सांगणार? मला फोन कर.’

मी खिशातून फोन काढला, यशा. हे मी रंगवत नाहीये. तुझं नाव काढलं, अंगठा त्यावर नेला, आणि मग लक्षात आलं.

मग कुंदाताईंचा पुन्हा फोन. “भाऊ, आज जमेल?” मी म्हटलं, जमेल. आणि ती ओळ उडवायला हात गेला. दोन तिरक्या रेघा मारल्या असत्या पुढे, की मुकादमाने तिला टिप्पणी समजून सोडून दिलं असतं, बोर्ड तयार, संध्याकाळच्या आत बोर्डी. ताईंकडे पंखा होताच की. फिरतही असणार. एकवीस वर्षं मी याच ‘असणार’वर धंदा केलाय.

पण तू थांब म्हणालास आणि मी थांबलो नाही, असं आपल्यात शंभरदा झालंय. जिवंतपणी तुला ते चाललं, कारण निस्तरायला तू होतास. आता कोण निस्तरणार? आठ बायका त्या खोलीत ट्रे आतबाहेर करतात. पंख्याचा पट्टा तुटला, गॅस पेटताच राहिला, आत उष्णता साचत गेली, तर बोंबलाचा शिरा होऊन थांबणार नव्हतं ते.

मी कुंदाताईंना फोन केला. “ताई, आज नाही. परवा. माझ्यावर ठेवा, नाहीतर वापीवाल्याला बोलवा, मी वाईट वाटून घेणार नाही.”

“तुम्ही आणि ‘आज नाही’?” त्या म्हणाल्या. “बरे आहात ना?”

“बरा आहे. तुमचा गॅस बरा नाही.”

“बरं. कापलेला माल शेजारच्यांच्या खोलीत घालते दोन दिवस. परवा म्हणजे परवा हं.”

मग बसलो विचार करत. आणि तेव्हा तुझी लबाडी कळली मला. इफडेफ एवढंच सांगू शकतो की पंखा बसवलाय. तो आत्ता, या क्षणी फिरतोय का, हे तलासरीच्या टेबलावर बसून जगातला कुठलाही मुकादम सांगू शकत नाही. ते बोर्डानेच बघायला हवं, चालू असताना, दर सेकंदाला. म्हणजे ‘इफ’ हवा. माझा इफ! तू हे ओळखून होतास, तिथे अडसर घातलास, आणि मला बोलला नाहीस. त्या ओळीखाली चार ओळींची जागा मोकळी सोडलेली. मी सगळ्यांना सांगणार आहे की तिथे ‘दिन्या बरोबर होता’ असं लिहिलेलं होतं. नव्हतं. नुसती जागा होती.

त्या जागेत मी कामाला लागलो. पंख्याच्या वाऱ्यात एक पातळ पत्रा लटकवायचा, वारा आला की तो उचलला जातो, त्यामागचा स्विच दबतो. स्विच दबलेला असेल तरच गॅसचा व्हॉल्व उघडा. ओळी लिहिल्या, तुझ्या धाकाने तीनदा वाचल्या, टेबलफॅनसमोर पत्रा लावला. बोर्ड म्हणाला, वारा आहे. फॅन बंद केला. बोर्ड म्हणाला, वारा आहे. फॅनची पिन काढली. तरी वारा आहे! पत्रा बिजागरीत अडकला होता आणि बेधडक थाप मारत होता. म्हटलं, हा तर आपल्यातलाच.

थापाड्याला कसं पकडायचं हे थापाड्यालाच माहीत असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे, तो आधी विचारायचा. म्हणून आता बोर्ड पंखा लावायच्या आधी पत्र्याला विचारतो, वारा आहे का? तेव्हा ‘आहे’ म्हणाला की समजायचं हा खोटा, गॅस मिळणार नाही. ‘नाही’ म्हणाला, तर पंखा लावायचा, पुन्हा विचारायचं. आता ‘आहे’ म्हणाला तरच गॅस. तुला हे आवडलं असतं. तू तसं म्हणाला नसतास, चष्मा पुसला असतास फक्त.

सगळं तुझ्या पद्धतीने इफडेफच्या आत ठेवलं, वारा-तपास असं नाव देऊन. यादीत गॅस असेल आणि वारा-तपास नसेल तर तुझी लाल ओळ अजूनही थांबवते. दोन्ही असतील तर वाट देते. माझा इफ तुझ्या इफडेफच्या पोटात. भांडण मिटलं असं समजू नकोस. बाकी तेरा गिऱ्हाइकांबद्दल माझं मत आहे तेच आहे.

परवा म्हणजे परवाच बोर्डीला गेलो. बोर्ड लावला, पंखा फिरला, पत्रा उचलला, गॅस पेटला. आठही बायका दाराशी उभ्या. मी कुंदाताईंना म्हटलं, “आता पंख्याची पिन काढा.”

“चालू असताना?”

“चालू असतानाच.”

त्यांनी काढली. पंखा मंदावला, पत्रा खाली आला, आणि व्हॉल्व खट्कन मिटला. बर्नर निळा होता तो काळा झाला. मी पाचपर्यंतही मोजलं नव्हतं. एक बाई म्हणाली, “आयला, याला कळतं!” मी पत्रा बोटाने वर धरून ठेवला, बोर्ड बंद करून पुन्हा लावला. गॅस दिलाच नाही त्याने.

कुंदाताईंनी बोर्डावर हळदकुंकू लावलं. मग मला विचारलं, “हे यशवंतभाऊंनीच करून ठेवलेलं ना?”

इथे मी काय काय सांगू शकलो असतो! तू जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून गुपित सांगितलंस, चिप माझ्या हातावर ठेवलीस. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. पण मी म्हणालो, “त्यांनी मला थांबवलं, ताई. पुढचं मी केलं.”

“मग तुम्हाला येतंय की,” त्या म्हणाल्या. “त्या वापीवाल्याला सांगते, येऊ नको.”

येतंय का, यशा? थोडं येतंय. जे येत नाही ते तुझ्या फाईलमधून शिकतोय, रोज सकाळी दोन तास, गिऱ्हाइकं यायच्या आधी. भोंग्याची ओळही शोधून काढली. आता तिथे किंमतही विचारली जाते, शून्य म्हणजे शून्यच. ती दुरुस्ती तू केव्हाच करून ठेवली होतीस, मला न सांगता. त्या म्हाताऱ्या आजोबांकडे रविवारी जाऊन आलो. बरे आहेत. तुझी चौकशी करत होते. तू नाहीस हे मीच सांगितलं त्यांना, आणि ते माझ्या हातावर हात ठेवून बसले.

शटरवरचा कागद मी काढणार नाही, पावसाने जाईल तेव्हा जाईल. शटर मात्र वर असेल. आणि तुझी लाल ओळ मी पुसलेली नाही. उद्या माझ्यानंतर या फाईलला कुणीतरी हात लावेल, घाईत असेल, गॅस डिफाइन करेल, वाऱ्याचा तपास विसरेल, आणि मुकादम त्याला थांबवून तुझा मजकूर दाखवेल. ते वाचून तो बिचारा तुझा नंबर शोधत बसेल. म्हणून आज सकाळी, तुझ्या ‘मला फोन कर’च्या पुढे, त्याच ओळीत, मी थोडं वाढवलंय:

‘तो उचलत नाही. मला कर. दिन्या.’